टाळ्या पडल्या, पुढं काय?

मागच्या अंकात या पानावर एकच ओळ टाकली होती, नाटक-गाणी-कीर्तनानं गाव खरंच बदलतं का, तुमचा अनुभव आणि प्रश्न कळवा. वाटलं होतं पाच-सहा मेसेज येतील, तर व्हॉट्सॲप भरून वाहिलं, शिवाय आठ पोस्टकार्डं आणि एक चक्क आंतर्देशीय पत्र. त्यातले सहा प्रश्न घेतलेत, मोठे होते ते कापलेत, रागवू नका. उत्तरं देणारा मी काही अभ्यासक वगैरे नाही बरं का, तरुणपणी बारा वर्षं एका कलापथकात तुणतुणं धरून झीलकऱ्याचं काम केलंय एवढीच लायकी. झीलकरी म्हणजे पुढचा शाहीर गातो आणि मागं दोघं-तिघं कानावर हात ठेवून जी जी रं जी करतात ना, त्यातला एक.

प्रश्न : आमच्या मंडळानं गेल्या गणपतीत दारूबंदीवर पथनाट्य बसवलं. टाळ्या-शिट्ट्या भरपूर, सरपंचांनी पाचशे रुपये बक्षीस पण दिलं. आणि रात्री अकराला नाटकात दारुड्याचं काम केलेला आमचाच कार्यकर्ता ढाब्यावर सापडला. यंदा करावं का नको? (मंडळाचा खजिनदार, बार्शी तालुका)

करा की. आणि त्या कार्यकर्त्याला काढू नका, उलट नाटक लिहायला त्यालाच पुढं बसवा, तुमच्या सगळ्या टीममध्ये विषयातला जाणकार तो एकटाच दिसतोय.

आता मी न बघता सांगतो तुमच्या नाटकात काय होतं ते. फाटका शर्ट घातलेला दारुडा, हातात बाटली, तोल जातोय, बायकोला मारतो, पोरगं फी मागतं, शेवटी दारुडा मरतो, बायको हंबरडा फोडते आणि मग सगळे रांगेत उभे राहून घोषणा देतात. बरोबर? अहो समोर बसलेला जो रोज पितो तो हे बघून काय म्हणत असेल, की मी काय एवढा वाया गेलेला नाही बुवा, मी आपली थोडी घेतो आणि गप झोपतो. म्हणजे तुमच्या नाटकानं त्याला सर्टिफिकेटच दिलं.

गाडगेबाबांचं बघा. माणूस गावात यायचा तो आधी खराटा हातात घ्यायचा. दिवसभर गाव झाडायचं, लोकांना लाज वाटून तेही हळूहळू हात लावायचे, आणि मग रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. हा क्रम लक्षात घ्या, खराटा आधी आणि कीर्तन नंतर, आपण सगळे उलटं करतो. आणि कीर्तनात तरी काय, अर्धा वेळ बाबा प्रश्नच विचारायचे. वऱ्हाडी बोलीत, एकदम साधे, ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं असे. लोक ओरडून उत्तर द्यायचे, आणि चार-पाच उत्तरं दिल्यावर त्यांच्याच लक्षात यायचं की आरे आपण तर आपल्याच तोंडानं कबूल करून बसलो, की कर्ज काढून जेवणावळी घालणं हा येडेपणा आहे. ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा पण पोरांना शिकवा, हे ते सांगायचे ते असं सगळं कबूल करून घेतल्यावर. १९५६ साली बाबा गेले, त्याच्या थोडं आधी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग मिळतं, ते मंडळातल्या सगळ्यांनी मिळून एकदा ऐका. नाटक बसवायचं सगळं शिक्षण त्यात आहे, कुठं थांबायचं, कुठं हसवायचं, कुठं एकदम आवाज खाली आणायचा.

आमचीच फजिती सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी गावोगाव संडास बांधायची मोहीम होती, एका सरकारी ऑफिसनं आमच्या कलापथकाला तीस गावांचा कार्यक्रम दिला. आम्ही खूष, नवीन फेटे शिवले. एका गावात वग, म्हणजे तमाशातलं गाण्या-संवादांचं नाटक, रंगात आलेला, शाहीर म्हणतोय उघड्यावर जाणं बंद करा, आणि पुढं बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "बाबा, नळाला पाणी येतंय आठ दिसानं, ते प्यायचं का तुज्या संडासात वतायचं?" सगळा गाव हसला. आमच्याकडं उत्तर नव्हतं. शाहिरानं सवाल टाळून पुढची चाल घेतली आणि आम्ही मागं जी जी रं जी केलं. त्या जी जी रं जी ची मला अजून लाज वाटते. त्याच क्षणी वग थांबवून म्हातारीला वर बोलवायला हवं होतं, खरा वग तिच्याकडं होता.

असं वर बोलवायची एक पद्धतच आहे जगात, तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल म्हणून नाटकवाले होते. ते पेरू देशात एक प्रयोग करत होते, त्यात नवरा बायकोला फसवतो, आणि प्रेक्षकांनी सुचवायचं की आता बायकोनं काय करावं. एक बाई म्हणाली तिनं त्याच्याशी नीट स्पष्ट बोलावं. नटांनी करून दाखवलं. बाईला पटेना, नाही नाही, नीट स्पष्ट बोलावं. परत केलं, परत पटेना. शेवटी बोआल म्हणाले मग तुम्हीच या आणि दाखवा. बाई स्टेजवर आली, झाडू उचलला आणि त्या नटाला असा धुतला की विचारू नका, मग त्याला म्हणाली झालं आपलं स्पष्ट बोलणं, आता जा आणि माझं जेवण घेऊन ये. म्हणजे तिथंही खराटाच कामाला आला बघा. तेव्हापासून बोआलनी प्रेक्षकाला स्टेजवर आणायची रीतच पाडली. पुढं ते रिओच्या महापालिकेत नगरसेवक झाले आणि १९९३ ते ९६ या काळात वस्त्यांमधे अशी नाटकं करून लोकांकडूनच कायद्याच्या मागण्या काढल्या, त्यातले तेरा कायदे पास झाले. आपल्याकडं बंगालमधे जन संस्कृती नावाचा ग्रुप १९८५ पासून खेड्यापाड्यात हेच करतो.

तर यंदा असं करा. नाटक वीस मिनिटांचं ठेवा, बाटली स्टेजवर आणूच नका. शनिवारचा पगार झालाय, टपरीवर मित्र थांबलेत, घरी किराणावाल्याची वही आलीय, एवढंच दाखवा, आणि वाईट शेवटापर्यंत न्या. मग सूत्रधारानं सांगायचं की आता हेच परत पहिल्यापासून होणार, ज्याला वाटेल की इथं वेगळं करता आलं असतं त्यानं थांबा म्हणायचं आणि त्या पात्राच्या जागी येऊन करून दाखवायचं. पहिल्या दिवशी कोणी येणार नाही, घाबरू नका. आणि चावडीसमोर बायका तर मुळीच येणार नाहीत, त्यांच्यासाठी दुपारी तीनला, भांडीकुंडी आवरल्यावर, गल्लीत वेगळा प्रयोग लावा.

आणि पुढचं काय ते आधी ठरवा. गावात परवान्याचं दारू दुकान असेल तर कायदा तुमच्या बाजूला आहे, पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला तर मतदान घ्यावं लागतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे हं, यादीत असलेल्यांच्या निम्म्या, इथंच बऱ्याच गावांची गाडी अडते, बायका तयार असतात पण त्या दिवशी मजुरीला गेलेल्या असतात. नाटक संपताना सह्यांचा कागद आणि दोन पेनं तयार ठेवा. तुमचा तो ढाब्यावरचा कार्यकर्ता सही गोळा करायला उभा राहिला तर फारच उत्तम.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. शाळेत दरवर्षी भोंडला करतो. पण गाणी सगळी सासुरवासाची, सासू छळते आणि सून माहेराला जायला तरसते. एकीकडं मुलींना शिका म्हणायचं आणि दुसरीकडं ही गाणी म्हणून घ्यायची, मला ते पटत नाही. नवीन प्रबोधनपर गाणी कुठं मिळतील? (सातारा जिल्हा)

बाई, नवीन प्रबोधनपर गाणी मिळतात खूप, पण मुलींना विचारून बघा, "मुलगी शिकली प्रगती झाली" छापाचं गाणं त्या फेर धरून दुसऱ्यांदा म्हणतील का. माझी पुतणी तिसरीत असताना असलं गाणं पाठ करायला लावलं होतं, पोरगी हत्तीच्या पाटाभोवती अशी फिरत होती जशी पीटीच्या तासाला.

जुनीच गाणी घ्या. कारल्याच्या वेलाचं गाणं बघा ना किती नाटक आहे त्यात. सून म्हणते कारल्याचं बी पेरलं, आता मला माहेरी धाडा ना. सासू म्हणते कोंब येऊ दे मग जा. कोंब आला. वेल होऊ दे मग जा. मग फूल, मग कारलं, मग भाजी कर, मग भाजी खा, आणि एवढं सगळं झाल्यावर सासू म्हणते मला काय विचारतेस, तुझ्या सासऱ्याला विच्चार. सरकारी ऑफिसात चकरा मारलेल्या कुठल्याही माणसाला हे गाणं कळेल! ज्या बायकांनी ते रचलं त्यांनी तक्रार केलीच होती, फक्त ती कोणाला पकडता येऊ नये अशा बेतानं, हसत, फेर धरून.

आता तुम्ही असं करा की गाणं म्हणून झाल्यावर मुलींना विचारा, कोंब आल्यावर सूनबाईनं काय करायला हवं होतं? मग बघा मजा. एक म्हणेल बॅग भरून एसटीनं निघून जायचं, एक म्हणेल नवऱ्यानं बोलायला पाहिजे होतं तो कुठाय गाण्यात (हा प्रश्न भारी आहे, सासू सासऱ्याकडं बोट दाखवते तोवर नवरा कुठं दिसतच नाही), एखादी म्हणेल सासूला पण कोणीतरी असंच अडवलं असेल. त्यांनाच कडवं जोडायला सांगा त्याच चालीवर. वर बोआलचं सांगितलं ते हेच आहे, आपल्या बायकांना ते ब्राझीलवरून आणायची गरज नव्हती.

जात्यावरच्या ओव्यांचं पण तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात बसून आणि मावळ-मुळशीच्या डोंगरात फिरून ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं, त्यांच्या गटानं गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट. त्यातल्या खूपशा पारी या ऑनलाइन संग्रहात आता ऐकायला मिळतात. त्यात विठोबा आहे, भाऊ आहे, दुष्काळ आहे, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, नवऱ्यावरचा राग पण आहे. पहाटे चारला दळताना ऐकणारं कोणी नसायचं, त्यामुळं बाई खरं बोलायची. वर्गात एक ओवी लावा आणि मुलींना सांगा आजीला जाऊन विचार तुला किती येतात. पाच मुलींच्या आज्या जरी गायला लागल्या तरी तुमचं वर्षाचं काम झालं.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे आणि ती गाण्यापेक्षा मोठी आहे. भोंडल्याला आयांना बोलावता तेव्हा हळदीकुंकू करता का? आणि नवरा गेलेल्या आया त्या दिवशी शाळेत येतात का? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं पण परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर झाला हे खरं, पण बाई प्रत्यक्ष कुंकू लावून कुठं उभी राहणार, तर अशाच ठिकाणी, शाळेच्या पटांगणात फेर धरायला. तिला पहिला मान द्या, पाटावरच्या हत्तीची पूजा तिच्या हातून. भाषण करू नका त्यावर, नुसतं करा, आणि खिरापत ओळखायला लावा.

प्रश्न : कलेनं समाज सुधारावा ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. प्रचार आला की कला मेली. उत्तम गाणं ऐकावं, उत्तम नाटक बघावं, घरी यावं. आपलं मत? (निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

साहेब, रटाळ प्रचारी नाटकं मी तुमच्यापेक्षा जास्त बघितलीत, काहींत कामही केलंय, त्यामुळं अर्धं पटतं.

पण अण्णाभाऊ साठेंची "माझी मैना गावावर राहिली" ही छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं, घ्या. सुरुवात कुठून होते, तर गावाला राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं. गिरणगावात खोलीत दहा-पंधरा जण दाटीवाटीनं राहणारा माणूस, बायको गावाकडं, आणि हा तिचं रूप आठवतोय. ऐकणारा कामगार पहिल्या चार ओळीत गार, कारण त्याची पण मैना तिकडंच आहे. मग हळूहळू मुंबईची श्रीमंती, गरिबी, आणि नकळत ती मैना म्हणजे तोडलेला महाराष्ट्र होऊन बसते, बेळगाव, कारवार सगळं त्यात येतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही छक्कड मैदानं भरून ऐकली लोकांनी. आता सांगा यात कला कुठं संपली आणि प्रचार कुठं सुरू झाला, मला तरी तो सांधा सापडत नाही. ज्या कलापथकात ते होते, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर १९४४ साली काढलेलं लाल बावटा, त्यावर मुंबई सरकारनं बंदी घातली होती. नुसतं ऐकून घरी जाण्यासारखं असतं तर सरकारनं कशाला मनावर घेतलं असतं?

आणखी मागं जा. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली नाटक लिहिलं, तृतीय रत्न. त्यात एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो आणि नवरा-बायको कर्ज काढून त्याला जेवू घालतात. सगळी गंमत विदूषकाची आहे, तो मधे मधे येऊन जोश्याचं बिंग फोडतो, प्रेक्षकांशी बोलतो. शेवटी दोघं जोतीरावांच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. मराठी पुस्तकांना सरकारी बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडं पाठवलं, त्यांनी काही घेतलं नाही, आणि ते छापून यायला १९७९ उजाडलं. सव्वाशे वर्षं नाटक पेटीत. तुम्ही म्हणता तसं फक्त उत्तम नाटक बघून घरी यायचं, पण कुठलं नाटक उत्तम ठरवायचं हे कमिटीत कोण बसलंय त्यावर असतं ना.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मीच देतो, जो तुम्ही मांडला नाहीत. कला आली म्हणजे सुधारणाच होते असं काही नाही. तुमच्याच पुण्यात १८९४ पासून गणपतीपुढं मेळे सुरू झाले, पोरं रंगीत कपडे घालून गात फिरायची, आणि त्यातली कितीतरी पदं मुसलमानांविरुद्ध आणि सुधारकांविरुद्ध विखारी होती. पुढं १९२०च्या दशकात ब्राह्मणेतरांचा छत्रपती मेळा आणि टिळकांना मानणाऱ्यांचा सन्मित्र समाज मेळा यांनी एकमेकांवर जी चिखलफेक केली ती काही कौतुकानं सांगावी अशी नाही. चाली गोड होत्या, पोरांचे आवाज चांगले होते, आणि त्यामुळंच विष लवकर पसरलं. डीजेवर आज जी काही गाणी वाजतात ती ऐकून मला मेळे आठवतात. ढोलकी कोणाच्या हातात आहे हे बघावं लागतं, आणि ती सोडून घरी बसलो तर ती वाजायची थांबत नाही, दुसरा कोणीतरी वाजवतो.

प्रश्न : माझे आजोबा आंबेडकरी जलशात गायचे. घरात त्यांची हाताने लिहिलेली वही आहे, पानं पिवळी पडलीत, काही गाण्यांना चाल कोणालाच आठवत नाही. मी इंजिनिअरिंगला आहे, रॅप पण करते. हे सगळं रील्सवर टाकू का, की तो अपमान होईल? (छत्रपती संभाजीनगर)

आधी वहीचे फोटो काढा, आजच्या आज, प्रत्येक पानाचा, दिवसाउजेडी खिडकीपाशी ठेवून, मग बाकीचं बोलू.

काढले? आता ऐका. अपमान कसला होतोय, जलसा हाच मुळात त्या काळचा रिमिक्स होता. तमाशाचा साचा काय असतो, आधी गण, मग गौळण, मग बतावणी, मग वग. तमाशात गाणारे-वाजवणारे बरेचसे महार-मांग समाजातलेच, हसवायचं, नाचायचं, इनाम झेलायचं आणि परत वेशीबाहेर. आधी सत्यशोधकांनी आणि मग आंबेडकरी कार्यकर्त्यांनी काय केलं, तीच ढोलकी ठेवली आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी दुसरंच नमन आलं. सोंगाड्या तोच, पण आता तो मालकाला हसवायला उभा नव्हता, तो विचारत होता की मेलेलं ढोर आम्हीच का ओढायचं, आणि पोरं शाळेत कधी घालणार. नाशिककडचे भीमराव कर्डक, काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ला सुरू झाला त्या काळातले, त्यांचा जलसा गाजला. बाबासाहेबांची दहा भाषणं आणि एक जलसा सारखाच, असं खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचं जुने कलावंत अजून अभिमानानं सांगतात. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत महाडला काय झालं, गोलमेजला काय झालं हे पोचलं ते असं, चालीत बसून.

आणि जलशानं सगळ्यात आधी कोणाला बदललं, तर गाणाऱ्यालाच. वामनदादा कर्डकांचं बघा. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव, जन्म १९२२. मुंबईला आले तेव्हा अक्षरओळख नाही. कोणीतरी पत्र वाचून दाखव म्हणालं आणि वाचता येईना, त्याची इतकी लाज वाटली की मोठेपणी बाराखडी गिरवली, जोडाक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या वाचत वाचत, असं सांगतात. तोच माणूस पुढं हजारो गाणी लिहून बसला आणि २००४ ला जाईपर्यंत गावोगाव गात फिरला. शिका म्हणणारं गाणं लिहिणाऱ्याला आधी स्वतःला शिकावं लागलं. तुमच्या आजोबांनी ती वही स्वतःच्या हातानं लिहिलीय ना? तुमच्या घराण्यात त्यांच्या आधी कोणी पेन धरलं होतं का ते वडलांना विचारा जरा.

बायकांचं पण तेच. मुलगी झाली हो हे स्त्री मुक्ती संघटनेचं नाटक, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं, १९८३ मधे आलं. ना सेट, ना नावाजलेल्या नट्या, घरची-नोकरीची कामं आटपून आलेल्या बायका साध्या साड्यांमधे. प्रयोग हजारांच्या हिशोबात झाले. ते बघून किती घरं बदलली ते मोजता येणार नाही, पण ज्या बाईनं आयुष्यात चार माणसांपुढं तोंड उघडलं नव्हतं ती मैदानात उभी राहून खड्या आवाजात गायला लागली की घरी गेल्यावर तिचा आवाज परत पहिल्यासारखा बारीक होत नाही, हे मी आमच्या कलापथकात जवळून पाहिलंय. आमच्यात एक जण पहिले सहा महिने प्रेक्षकांकडं पाठ करून गायची. खरंच. नंतर ग्रामपंचायतीला उभी राहिली, पडली, परत उभी राहिली.

त्यामुळं रॅप करा बिनधास्त. तुमच्याच शहरातल्या कडूबाई खरात एकतारीवर गायल्या आणि मोबाइलवरून घराघरात पोचल्या, त्यांना कोणी मोठ्या स्टुडिओत नेलं होतं का आधी? फक्त दोन पथ्यं. गाणं ज्याचं त्याचं नाव स्क्रीनवर, आजोबांचं नाव, गावाचं नाव, दर वेळी. जलशातल्या कितीतरी गाण्यांचे कवी असेच हरवलेत, शेवटच्या कडव्यात नाव गुंफायची पद्धत होती म्हणून जे वाचले ते वाचले. आणि चाल आठवत नसलेल्या गाण्यांना लगेच बीट लावू नका, आधी आजोबांच्या बरोबरचं कोणी झीलकरी हयात आहे का शोधा. आम्हा मागच्यांना चाली पक्क्या आठवतात, कारण शब्द पुढच्याचे असतात, आमच्याकडं नुसती चालच.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मराठी मंडळ चालवतो. मुलांना लेझीम, लावणी, कोळीनृत्य शिकवतो. यातून सामाजिक काही करता येईल का? (न्यू जर्सी)

येईल. कोळीनृत्य शिकवता तेव्हा मुलांना हे सांगता का की कोळी कोण, मुंबईतले कोळीवाडे आज कुठल्या हालात आहेत, आणि मासळी विकणाऱ्या बाईच्या टोपलीचं वजन किती असतं? लावणी नाचणारीला तिच्याच गावात घर भाड्यानं मिळायला काय त्रास व्हायचा? नुसतं नऊवारी आणि दागिने घालून फोटो काढला तर ते ड्रेस कॉम्पिटिशन झालं. आणि तुमच्या मंडळात कुठल्या आडनावांची माणसं येतात आणि कुठली येत नाहीत, हे एकदा यादी समोर घेऊन कमिटीनं बघावं. मी तिथं नाहीये, मला माहीत नाही, पण यादी तुमच्याकडं आहे.

प्रश्न : गावात स्त्रीभ्रूणहत्येवर वग करायचाय, कलाकार आमचे आम्ही, पण ढोलकीवाला बाहेरून आणायचाय. तो म्हणतो पैसे आधी. सामाजिक काम असून पैसे मागतो हे योग्य आहे का? (बचत गटाच्या अध्यक्षा, नांदेड जिल्हा)

एकदम योग्य आहे ताई. मंडपवाला फुकट देणार का? जनरेटरवाला? माइकवाल्याला तुम्ही सामाजिक काम म्हणून विचारलं तरी का? मग ढोलकीवाल्यालाच का? त्याचा सीझन म्हणजे जत्रांचे तीन-चार महिने, बाकी वर्षभर तो शेतावर नाहीतर हमालीला, आणि तालमीला तीन दिवस येणार म्हणजे तीन दिवसाचा रोज बुडाला. आमच्या कलापथकाचा ढोलकीवाला असाच सामाजिक कामांनी कंगाल झाला, शेवटी ढोलकी गहाण होती त्याची, आणि आम्ही दुसऱ्याची आणून प्रयोग केला, ज्याचं नाव होतं सावकारी पाश.

जाण्यायेण्याचं भाडं वेगळं द्या, निम्मे पैसे तालमीला, निम्मे प्रयोगाच्या आधी, नंतर नाही. जेवायला सगळ्यांबरोबर पंगतीत बसवा. आणि पावसाळी हवा असेल तर ढोलकीचं कातडं उतरतं, ते तापवायला बल्ब नाहीतर शेगडी लागेल, ती स्टेजच्या मागं लहान पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.